फ्लेक्सवरचा लेखक

सातारा

आधी माझा उद्योग सांगते, म्हणजे पुढचा सगळा गोंधळ कळेल. मी नव्या एकांकिका शोधत फिरते. नागपुरात आम्ही तीनचार नाटकवेडे मिळून दरवर्षी एक पातळशी पुस्तिका काढतो. त्यात फक्त आज लिहिणाऱ्या, हातीपायी धडधाकट लेखकांच्या छोट्या नाटकांची शिफारस असते. नाटक कोणतं, कोणाचं, माणसं किती लागतात, बसवताना कुठं जपायचं, एवढंच. कॉलेजची पोरं, बँकेतली मंडळं, शाळामास्तर फोन करतात, "मॅडम, यंदा काय बसवू?" आणि मी सांगते. माझा हट्ट एकच. नाटक डोळ्यांनी बघितल्याशिवाय किंवा लेखकाच्या तोंडून समोर बसून ऐकल्याशिवाय मी त्याची शिफारस करत नाही. या हट्टापायी माझ्या कंबरेचं पार वाटोळं झालंय. माझा नवरा म्हणतो, तू नाटकं बघायला जातेस की एस्टीच्या सीटा तपासायला, तेच कळत नाही.

यंदा दोन नाटकांसाठी निघाले होते. एक साताऱ्यातलं, दुसरं विट्याजवळच्या एका गावातलं. साताऱ्याचं स्टेशन गावापासून चांगलंच लांब. रिक्षावाल्याशी भांडून, किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या दिनकर हवालदारांच्या घरी पोचले तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे होते. फौजेतून निवृत्त झाल्यावर हा माणूस एकांकिका लिहायला लागला. नाटकाचं नाव 'रजा'. सुट्टीवर आलेला जवान आणि त्याची परत जायची पेटी, एवढीच गोष्ट.

"बसून वाचा की," मी म्हटलं.

"न्हाई मॅडम. बसून आवाज निघत न्हाई आपला," ते म्हणाले, आणि सावधानमध्ये उभं राहून सगळं नाटक वाचलं. जवानाची बायको पेटीला कुलूप लावते आणि किल्ली देतच नाही, तिथली ओळ त्यांनी दोनदा वाचली. त्यांच्या बायकोनं पेढ्यांची बशी माझ्यापुढं ठेवली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "किल्ली मी खरंच लपीवली हुती. सांगत न्हाईत त्ये." मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, हे नाटक पुस्तिकेत येणार. कंदी पेढाही चांगला होता, आमच्या संत्राबर्फीइतका मी म्हणणार नाही, पण चांगला.

तेवढ्यात फोन वाजला. वैशालीचा.

ही वैशाली म्हणजे माझ्या दुसऱ्या नाटकाची लेखिका. तिला मी तोवर पाहिलेलं नव्हतं. तिनं मला नाटक पाठवलं ते फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून, तुकड्या-तुकड्यांनी. मधेच कुकरची शिट्टी, मधेच कुणाच्या तरी म्हशीचं हंबरणं. भाजी फोडणीला टाकत मी ऐकायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच तुकड्याला गॅस बंद करून खाली बसले. नाटकाचं नाव 'पावणं', म्हणजे पाहुणे. विट्याकडची पुष्कळ माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभरच्या शहरांत दुकानं टाकून बसलेली असतात. गलाईवाले म्हणतात त्यांना. बायका-म्हातारी गावात. माणूस जत्रेला चार दिवस घरी येतो, आणि घरात कुठं काय असतं ते त्याला ठाऊक नसतं. वैशाली अशाच घरातली सून. गावातल्या बायकांना घेऊन तिनं ते बसवलं होतं आणि जत्रेत, त्या सगळ्या पुरुषांच्या समोर, ते होणार होतं. मी निघालेच होते मुळी त्याच्यासाठी.

"मॅडम, तुमी येऊ नका," ती म्हणाली.

"का गं? रद्द झालं?"

"व्हतंय की नाटक. पर त्ये आता माझं न्हाई ऱ्हायलं." आणि फोन बंद. पुन्हा लावला तर उचलेना.

माझा चेहरा बघून हवालदारांची बायको म्हणाली, "येऊ नका म्हणती म्हंजी जायाच पायजे तुमी." मी दुसऱ्या दिवशी सकाळचीच गाडी धरली.

कडेगाव

कराड सोडलं की दोन्ही अंगांना ऊस. उन्हाळा असूनही हिरवंगार. आमच्याकडे या दिवसांत वावरं कशी भाजून निघालेली असतात! इथं शेताला वावर म्हणत नाहीत, रान म्हणतात. कंडक्टरला मी "हे वावर कोणाचं एवढं मोठं" विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. पण माझं निम्मं लक्ष फोनकडे होतं. ती उचलत नव्हती. कोणी नाटक चोरलं असेल का? दमदाटी झाली असेल का? मला वाईट तेवढंच सुचतं, स्वभावच आहे तसा.

कडेगावच्या स्टँडवर गाडी थांबली म्हणून उसाचा रस घेतला. तोच फोनवर एक फोटो आला. वैशालीनं पाठवलेला, खाली एक शब्द नाही. जत्रेचा भलामोठा फ्लेक्स. वर देवाचा फोटो, खाली देणगीदारांचे गोल गोल चेहरे, आणि मधोमध लाल अक्षरांत, 'महिला मंडळ सादर करीत आहे, धमाल विनोदी नाटक पावणं. लेखक, मा. श्री. शंकरशेठ.' शेजारी शंकरशेठांचा फोटो. डोक्यावर चढवलेला गॉगल, गळ्यात चेन.

शंकर हा वैशालीचा नवरा.

माझा हात असा हलला की अख्खा ग्लास साडीवर. "अरे हा कोण लेखक! याच्या सात पिढ्यांत कोणी ओळ लिहिली होती का!" मी मोठ्यांदा ओरडले. रसवाला घाबरून फडकं घेऊन आला. त्यानं वाकून फोटो बघितला आणि चेहरा उजळला त्याचा.

"आवं, शंकरशेठ व्हय! कोइमतूरला दुकान हाय त्येंचं. लय मोठा माणूस. देवळाची कमान त्येनीच बांधली." मग कौतुकानं मान हलवत म्हणाला, "नाटक बी लिवत्यात म्हणा की!"

म्हणजे झालं. कडेगावपर्यंत लेखक ठरलासुद्धा. चिकट साडी घेऊन मी गाडीत बसले ती विट्यापर्यंत स्वतःशीच बडबडत. शेजारची बाई उठून पुढं जाऊन बसली.

जत्रेचा पहिला दिवस

गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. कमानीतून आत शिरलं की दोन्ही बाजूंना टोलेजंग घरं, रंगीत काचा, गच्चीवर सिंह. वर्षभर निम्म्या खोल्यांना कुलपं असतात म्हणे. जत्रेपुरती उघडतात, झाडतात आणि पुन्हा लावतात. प्रत्येक दारात परराज्यातल्या नंबराची गाडी. त्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य होता. गल्लीभर चण्याच्या डाळीचा आणि वेलदोड्याचा वास.

वैशाली दारात आली. तिशी ओलांडलेली, सडपातळ, हाताला पीठ. मला बघून तिच्या डोळ्यांत आधी आनंद आला आणि लगेच भीती.

"आलाच का तुमी," ती हळूच म्हणाली. "या. पर काय बोलू नका."

मला आणि गप्प बसायला सांगते! सोप्यात खुर्चीवर शंकरशेठ फोनवर तमिळमध्ये खदखदून हसत होते. वैशाली चहा घेऊन शेजारी उभी राहिली, त्यांचं हसणं संपायची वाट बघत. एका पाटावर तिची सासू सुपारी कातरत बसली होती, तिला सगळे आई म्हणतात. फोन ठेवून शंकरशेठ उठले, मला नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता, हेच मला अवघड झालं. हसरा, अगत्याचा.

"नागपूरवरनं नाटकासाठी आलासा? काय सांगताय! अगं ए, मॅडमना पोळी वाढ. आमच्या घरातलीला लय नाद हाय बगा नाटकाचा."

"फ्लेक्सवर लेखक म्हणून तुमचं नाव आहे," मी म्हटलं.

"त्ये व्हय!" ते लाजून हसले. "त्याची गंमतच झाली. तात्यांनी फोन केला, जत्रा कमिटीचं अध्यक्ष. नाटक कुणाचं म्हणून इचारलं. आईनं सांगितलं, आमच्याच घरातलं हाय. त्येंनी घातलं मग माझं नाव. फोटू हुताच त्येंच्याकडं."

"पण लिहिलंय यांनी."

"व्हय की. पर आपलंच हाय की मॅडम. हिचं काय नि माझं काय."

"तुम्ही वाचलंय?"

"आता उद्या बगायचंच हाय की."

आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकाची गाडी फिरते तेव्हा लेखकाचं नाव कर्ण्यावरून असं ओरडतात की झाडावरची पाखरं उडावीत. आणि इथं घरातल्या बाईनं काही केलं तर ते घराचं, आणि घर म्हणजे दारावर ज्याचं नाव तो. यात कोणाला काही खटकतच नव्हतं. आई सुपारी कातरत राहिली. चूक तिच्या एका वाक्यानं झाली होती, पण तिला ती चूक वाटतच नव्हती.

जेवण झाल्यावर मी वैशालीला मागच्या गोठ्यात गाठलं. गोठा रिकामा होता, दावणीला नुसता दोर.

"हे बघ, मी आत्ता जाऊन त्या तात्याला सांगते. फ्लेक्स उतरवायला लावते!"

"न्हाई." इतकं ठाम बोलेल असं वाटलं नव्हतं. "मॅडम, माझ्या नावानं दिलं आसतं तर तात्यांनी आदी वाचाया मागितलं आसतं. वाचलं आसतं तर नाटक झालं नसतं. ह्येंच्या नावावर हाय म्हणून कुणी पान उलटून बगितलं न्हाई. नाव जाऊ दे. नाटक हू दे."

"आणि त्यांना कळेल तेव्हा?"

"त्याचीच धास्ती हाय." ती दोराशी चाळा करत राहिली. "म्हणून शेवटचा प्रवेश गाळलाय मी. बाकीचं त्येंच्या नावावर खपंल. त्यो न्हाई खपायचा. उद्या चार माणसांत त्येंनाच बसायचंय. जे त्येंनी कवा म्हटलंच न्हाई त्ये त्येंच्या तोंडात कशाला घालू?"

मला रडू येण्याच्या बेतात होतं आणि त्याहून जास्त राग आला. "मग मी शिफारस कशाची करू? अर्धं नाटक, खोटं नाव. माझ्या पुस्तिकेत हे बसत नाही, वैशाली."

"नका करू," ती म्हणाली. "माझं माहेर जतकडं. टँकरच्या पाण्यावर वाढलेली पोरगी सोन्याच्या घरात पडली म्हणून समद्यांनी कवतिकानं बोटं मोडली. मी काय सांगायचं कुणाला? एकदा गावानं बगावं, एवढंच हाय माझं. तुमी उद्या गप बसा. शपथ हाय माजी."

घेतली शपथ. आयुष्यात एवढं जड काम मी कधी अंगावर घेतलं नव्हतं.

जत्रेचा दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी बोकड. सकाळपासून गल्लीत चुली पेटलेल्या. रस्सा आमच्या सावजीपुढं मवाळ, पण भाकरी अशी की मी दोन खायची ती तीन खाल्ली. दुपारभर वैशाली घरात नव्हती. शंकरशेठांना मात्र रस्त्यात अडवून अडवून लोक हात मिळवत होते. "लेखक!" "काय शेठ, आमाला बी घाला की एकदा नाटकात!" ते हसत होते, पण मला वाटलं, हसू थोडं कमी झालंय. एकदा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, इनोदीच हाय न्हवं नाटक?"

"बघा तुम्हीच," मी म्हटलं. शपथ होती ना!

उन्हं उतरली तसं देवळामागच्या स्टेजपुढं गाव जमलं. आधी बायकांचे खेळ, मग हे नाटक, मग जेवणं उरकून तमाशा. पुढं खुर्च्यांवर पुरुष, डावीकडं सतरंजीवर बायका. मी आईच्या शेजारी. पहिल्या रांगेत मधोमध शंकरशेठ, शेजारी पांढऱ्या टोपीतले अध्यक्ष तात्या. तात्यांनी माईकवर सांगितलं, "आपल्या गावचं भूषण, शंकरशेठ यांचं नाटक!" टाळ्या.

वैशालीच नवऱ्याचं काम करत होती. मिशी, सफारी, डोक्यावर गॉगल. नुसती आली तर शिट्ट्या आणि हशा. दारात तिनं चपला काढल्या आणि कुठं ठेवायच्या ते न कळून हातात धरून उभी राहिली. आतून पोरीचा आवाज आला, "आई, पावणं आल्यात!" लोक खुर्च्यांवर लोळायचे बाकी होते. बायकोचं काम करणारी मंगल गूळपाणी घेऊन आली आणि विचारलं, "च्यात साखर किती घालू?" आणखी हशा. मग फोन वाजला आणि वैशाली तमिळमध्ये हसायला लागली. खरंखुरं, तस्संच. मंगल कप धरून उभी.

इथं हशा थोडा विरला. मागून कोणीतरी म्हणालं, "आरं, ह्ये तर शंकरशेठच!" माना पहिल्या रांगेकडं वळल्या.

नाटकातला नवरा दुसऱ्या दिवशी घराला शिस्त लावायला लागतो. कपाट हलवतो, पोरीची शाळा बदलायची म्हणतो, आणि मग गोठ्याकडं वळतो.

"म्हस कशाला ठेवलीया? दूध पिशवीचं घ्यायचं. इकून टाकली मी. उद्या गाडी येती."

"आवं, गाभण हाय ती. मी वाडीवलीया."

"मग? पैसं मीच देतो न्हवं घरात?"

हे वाक्य आलं आणि हशा बंद. आईच्या हातातली सुपारी थांबली. मला आदल्या दिवशीचा रिकामा गोठा आठवला. गावाला ती म्हैस ठाऊक होती. कुणी विकली, तेही.

तात्या उठले. माईकवाल्याकडं हात करायच्या आधी ते शंकरशेठांच्या कानाशी वाकले. काय बोलले ते शंकरशेठांनीच मला नंतर सांगितलं. "शेठ, ह्ये काय लिवलंय तुमी? बंद करू का?" दुसऱ्या कोणाचं असतं तर विचारलंही नसतं, सरळ वायर उपटली असती. पण कमान बांधणाऱ्या माणसाचं नाटक मधेच कसं बंद करणार? वैशाली स्टेजवरून बघत होती. मंगल पुढचं वाक्य विसरून गेली होती. एक मान हलली असती तर सगळं संपलं असतं. मी सतरंजीचा काठ मुठीत धरून बसले होते, तोंड उघडलं तर शपथ मोडेल म्हणून दात आवळून.

शंकरशेठांनी मान हलवली नाही. नुसता हात खाली करून तात्यांना बसा म्हणून खुणावलं. ते स्टेजकडं बघत नव्हते, आपल्या पायांकडं बघत होते.

नाटक पुढं सरकलं. चौथ्या दिवशी नवरा निघतो. मंगल दारात उभी राहून पाहुण्याला म्हणावं तसं म्हणते, "पुन्यांदा या." पडदा. टाळ्या वाजल्या, पण बायकांच्या बाजूनं जास्त. पुरुष एकमेकांकडं बघत होते, वाजवायच्या की नाही.

तात्यांना कार्यक्रम सावरायचा होता. त्यांनी माईक घेतला. "आता लेखकाचा सत्कार! शेठ, या वर!" शाल आली, नारळ आला, फेटा बांधणारा पुढं झाला. शंकरशेठ पायऱ्या चढले. चेहरा उतरलेला. फेट्याचे दोन वेढे पडले, आणि मग त्यांनी बांधणाऱ्याचा हात धरला.

"ह्ये मी लिवल्यालं न्हाई," ते माईकमध्ये म्हणाले.

मग तात्यांनी माईक ओढून घेतला. "बगा! याला म्हणायचं मोठेपणा! एवढा मोठा माणूस, पर गर्व कसा तो न्हाई!" आणि टाळ्यांचा कडकडाट. बाप्पा! मी कपाळावर हात मारला. माणूस खरं बोलतोय आणि गाव त्याला विनय समजून डोक्यावर घेतंय. फेटेवाल्यानं तिसरा वेढा घातला.

शंकरशेठांनी फेटा काढून तात्यांच्या हातात दिला. "तात्या, थट्टा न्हाई ही. वैशालीनं लिवलंय. मी आज पयल्यांदा बगितलं." बायकोचं नाव पुरुषानं माईकवर घ्यायची रीत तिकडं नाही. बायकांच्या बाजूला एकदम कुजबुज झाली. "म्हस मीच इकली हुती, गेल्या जत्रंला. गावाला ठावं हाय. बोललोय समदं मीच, लिवलंय तिनं."

कोणी टाळी वाजवली नाही. मागून एक आवाज आला, "मग काल फ्लेक्सखाली उभं ऱ्हाऊन फोटू का काढलासा?" कोणी हसलं. शंकरशेठ लाल झाले. ते तसेच पायऱ्या उतरले आणि आपल्या खुर्चीपर्यंत न जाता कडेला उभे राहिले.

वैशाली पडद्यामागून आली. सफारी तशीच, मिशी तशीच. तात्या शाल पुढं करावी की नको अशा पेचात. तिनं शालीकडं बघितलंच नाही. माईक घेतला.

"शेवटचा प्रवेश ऱ्हायलाय," ती म्हणाली. "बसा समदी."

उठलेले पुरुष बसले. का बसले, त्यांनाही सांगता येणार नाही. तात्यासुद्धा स्टेजच्या पायरीवरच बसले, मांडीवर फेटा घेऊन. वैशालीनं मिशी काढली, सफारीवरच मंगलनं आतून आणून दिलेली साडी खांद्यावरून घेतली, आणि जमिनीवर बसून दोन कप विसळायला लागली. एक तिचा, एक गेलेल्या पाहुण्याचा. पाणी नव्हतंच, नुसते हात.

"दारावर नाव त्येंचं," ती कपाकडं बघत बोलली. "लाईटबिलावर सासऱ्यांचं, त्ये जाऊन वरसं झाली. रानाच्या उताऱ्यावर दिराचं, त्यो गुवाहाटीला. पोरीच्या शाळंत बापाचं. चार दिसांचं पावणं आलं, गेलं. मग वरीसभर मी कोण?" तिनं कप खाली ठेवला आणि सरळ समोर बघितलं. "आवं, ह्या घरात ऱ्हातंय तरी कोण?"

हे नाटकाचं शेवटचं वाक्य. मला फोनवर ऐकून पाठ होतं. यानंतर अंधार व्हायचा होता, पण दिव्याच्या बटणावरचा माणूस विसरून गेला. ती तशीच बसून राहिली, उघड्या चेहऱ्यानं, उजेडात.

माझ्या शेजारी आई हलली. गुडघ्यावर हात टेकून ती म्हातारी उठून उभी राहिली. चुलीत फुंकर मारून मारून बसलेला तो आवाज, मला वाटलं नव्हतं एवढ्या लांब जाईल.

"आमी ऱ्हातू की!" ती म्हणाली. "आमीच ऱ्हातू हितं. इचारलंच न्हाई कवा कुणी."

वैशालीला हे लिहिता आलं नसतं. ती आपल्या सासूकडं बघत राहिली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, हमसून रडायला लागली. मागं सतरंजीवर आणखी कोणीतरी म्हणालं, "आमी बी." मग आणखी एक. मी आजवर ढिगानं नाटकं बघितली, असा शेवट कधी बघितला नाही. मग दिवेवाल्याला आठवलं आणि अंधार झाला.

विटा

तिसऱ्या दिवशी सकाळी मला स्टँडवर सोडायला वैशाली आणि शंकरशेठ दोघं आले होते. एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. काय बोलायचं ते दोघांनाही अजून सापडलं नसावं. शंकरशेठ माझी पिशवी धरून जरा लांब उभे राहिले. गावातून निघताना बघितलं, फ्लेक्स तसाच होता अजून, कमिटीतल्या कोणीतरी त्यांच्या नावावर कागद चिकटवला होता, रिकामा. खाली नवं काय लिहावं यावर कमिटीत वाद चालू आहे म्हणे.

'पावणं'ची शिफारस मी करतेय, हे उघड आहे. बाया तीन, पोरगी एक. नवऱ्याचं काम बाईनंच करावं, आणि त्यात नवऱ्याची टिंगल करू नये, तो वाईट माणूस नाही. शेवटचा प्रवेश गाळणाऱ्यांनी नाटक बसवूच नये. आणि शेवटच्या वाक्यानंतर दिवा लगेच घालवू नका. थांबा थोडं. कोणी उठतंय का बघा.

गाडी लागली तशी मी तिला विचारलं, "पुस्तिकेत नाव कसं छापू? पूर्ण नाव सांग."

तिनं लांब उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वैशाली लिवा," ती म्हणाली. "म्होरं काय लावायचं त्ये आजून ठरलं न्हाई माझं. ठरलं की कळवते."

मी तसंच छापलं.